आभाराच्या टोपलीत वाइनची बाटली शोभेल का?

प्रश्न : मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते. सासूबाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्हाला बावीस दिवस पुण्यात राहावे लागले. माझ्या पतींच्या मित्राने घरातली एक खोली आम्हाला मोकळी करून दिली आणि वहिनींनी रोज पथ्याचा डबा करून रुग्णालयात पाठवला. पैशांचा विषय काढला तर दोघेही रागावतात. पुढच्या महिन्यात तपासणीसाठी आम्ही गाडीने पुण्याला जाणार आहोत, तेव्हा त्यांना खाद्यपदार्थांची आणि वाइनची छानशी टोपली द्यावी असे मनात आहे. मित्राला शनिवारी जेवणाबरोबर वाइन घ्यायला आवडते. वहिनी घेत नाहीत आणि त्यांच्या सासूबाई शाकाहारी असून उपासतापास करणाऱ्या आहेत. आमच्या घरात कोणीच घेत नसल्यामुळे यातले काही कळत नाही. दीर म्हणतात, गोव्यातून आणू, स्वस्त पडेल. काय करावे?

उत्तर : वाइन कोणाला आवडते हे आपण लिहिले आहे, आणि बावीस दिवस डबा कोणी रांधला हेही आपणच लिहिले आहे. ही टोपली वहिनींच्या हातात द्यायची आहे हे एकदा ठरले, की बाटलीची जागा आपोआप ठरते. ती टोपलीत जरूर असावी, पण एकच असावी आणि तिची किंमत बाकीच्या सगळ्या जिनसांपेक्षा जास्त नसावी. आपल्या घरी कोणी घेत नाही म्हणून संकोच करण्याचे कारण नाही. घेणाऱ्याच्या घरी ती चालते ना, एवढेच पाहायचे असते. मात्र श्रावण, एकादशी किंवा संकष्टीला बाटली घेऊन त्यांच्या दारात उभे राहू नये, यासाठी जाण्यापूर्वी पंचांग पाहावे.

दिरांची सूचना आधी बाजूला ठेवू. गोव्यातील मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि बांदा-इन्सुलीकडे वाहने तपासली जातात. ज्या वाहनातून सासूबाईंना तपासणीला न्यायचे, ते चार पैशांच्या बचतीसाठी चौकीवर अडकवू नये. खरे तर बाटली वेंगुर्ल्याहून नेण्याचीही गरज नाही. आंबोलीचा घाट चढून, कोल्हापूरमार्गे पुण्याला पोहोचेपर्यंत दिवसाचा मोठा भाग जातो, आणि बंद गाडी वाटेत जेवणासाठी तासभर उन्हात उभी राहिली तरी वाइनची चव उतरते. पुण्यात पोहोचल्यावर परवानाधारक दुकानातून बाटली घ्यावी आणि पावती जवळ ठेवावी.

कोणती घ्यावी, हे टोपलीतल्या जिनसांवरून ठरवावे. लाल वाइन भारदस्त दिसते म्हणून बहुतेक जण तीच उचलतात, पण आपल्या किनाऱ्याच्या जेवणापुढे ती सहसा हरते. लाल वाइनमधल्या तुरटपणामुळे मालवणी मसाल्याचा तिखटपणा अधिकच झोंबतो आणि बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर तोंडात धातूसारखी चव रेंगाळते. त्याऐवजी नाशिक भागातली सोव्हिन्यो ब्लाँ या द्राक्षांची पांढरी, कोरडी वाइन घ्यावी. तिचा आंबटपणा कोकमाच्या आंबटपणाशी जुळतो आणि तळलेल्या सुरमईबरोबर ती लिंबाच्या फोडीचे काम करते. जेवण फार तिखट होणार असेल तर किंचित गोडसर शेनँ ब्लाँ बरी. बाटली बहुधा ७५० मिलिलिटरची असते, म्हणजे साधारण पाच पेले होतात. देण्याआधी तीन-चार तास शीतकपाटात ठेवण्याची सोय नसली तर ‘उघडण्याआधी तीन-चार तास गार करावी’ असे चिठ्ठीत लिहावे. त्यांच्याकडे शीतकपाट आहेच.

आता मुख्य भागाकडे येऊ. पुण्यातही मिळते ते पुण्याला नेण्यात अर्थ नाही. चॉकलेटे, चीज आणि परदेशी बिस्किटे भरलेल्या तयार टोपल्या तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. आपल्या घरात जे आहे ते मात्र तिथे सहज मिळत नाही. सर्वांत आधी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. घरी काढलेल्या आगळाची एक बाटली म्हणजे वहिनींना महिनाभराची सोलकढी झाली, आणि मित्राचा पेला भरला जाईल तेव्हा वहिनींच्या हातातही त्याच तोलाचे काही असेल. आगळ नेहमी काचेच्या बाटलीत भरावे. आम्ल आणि मीठ मिळून धातूला खातात. त्यात मीठ आधीच असते, म्हणून ‘चाखून मगच मीठ घालावे’ असे चिठ्ठीत लिहायला विसरू नये, नाहीतर पहिलीच कढी खारट होईल आणि बोल आपल्या आगळाला लागेल. आजींसाठी साखरेत मुरवलेले अमृत कोकम वेगळे द्यावे. ते त्यांना उपासालाही चालेल.

काजू आपल्याकडचे म्हणून देताना थोडी चौकशी करावी. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, पण कोकणातले अनेक कारखाने आफ्रिकेतून आलेली काजू-बीही फोडतात. ती वाईट असते असे नाही, मात्र वेंगुर्ल्याचे नाव सांगून द्यायचे तर बी कोणत्या बागेची ते विचारून घ्यावे. सालीसकट भाजलेले, खारे काजू गार पांढऱ्या वाइनबरोबर उत्तम लागतात आणि न घेणाऱ्यांनाही तितकेच आवडतात. आपल्या हवेत ते दोन दिवसांत मऊ पडतात, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत भरून निघायच्या आदल्या दिवशीच बंद करावेत.

याखेरीज घरच्या मालवणी मसाल्याची पुडी, मूठभर तिरफळे, कुळथाचे पीठ आणि वड्याचे पीठ एवढे पुरे. तिरफळ पुण्यात सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. ते ठेचून आमटीत टाकतात आणि खाताना काढून ठेवतात, हे सांगावे लागते. गोडात आले घातलेले गुळाचे खाजे आणि फणसपोळी द्यावी. सुके बोंबील आणि सोडे देण्याचा मोह होईल, कारण ते आपल्याकडचे खरे वैभव; पण एकाच टोपलीत ठेवले तर पुण्याला पोहोचेपर्यंत फणसपोळीलाही सोड्यांचा वास लागेल, आणि घरात शाकाहारी आजी आहेत. द्यायचेच तर वहिनींना आधी विचारून, वेगळ्या डब्यात द्यावेत.

टोपली आठवडी बाजारातली बांबूचीच घ्यावी. बाटल्यांच्या मध्ये कागदाच्या रंगीत चिंध्यांऐवजी दोन कोरे पंचे गुंडाळावेत. ते नंतर स्वयंपाकघरात वापरले जातात. वर चमकदार प्लॅस्टिक नको. एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. कोकणात आणि देशावरही कोणी दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाही. आपण चांगले स्टीलचे डबे दिलेत, तर वहिनी ते भरून परत पाठवतील आणि आभाराचे ओझे पुन्हा आपल्याच दारात येईल. म्हणून सगळे साध्या बरण्यांत आणि कापडी पिशव्यांत भरावे, आणि ‘यातले काहीही परत करायचे नाही’ हे चिठ्ठीत पहिल्याच ओळीला लिहावे.

प्रश्न : मुलाच्या शिक्षकांना मे महिन्यात हापूसची पेटी आणि त्याबरोबर वाइनची बाटली पाठवावी असे वाटते. कुरिअरने पाठवता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पेटी पाठवावी, बाटली पाठवू नये. कुरिअरवाले साधारणपणे मद्य घेत नाहीत, आणि शिक्षक घेतात की नाही हे आपण पत्रात लिहिलेले नाही. ठाऊक नसेल तर शिक्षकांना ती देऊच नये. शिवाय हापूसच्या गोडीपुढे कोरडी वाइन नुसती आंबट लागते. गोड पदार्थाबरोबर त्याच्याइतकीच गोड वाइन लागते. आंबे अर्धवट पिकलेले, पेंढ्यात बसवलेले द्यावेत आणि कोणती फळे आधी खायची ते पेटीच्या झाकणावर लिहावे.