कार्यअहवाल वाचलात, आता कार्यवृत्तांत वाचा

प्रश्न : पुण्यात आमच्या प्रभागातले माजी नगरसेवक पुन्हा उभे आहेत. त्यांचा रंगीत कार्यअहवाल घरी आला आहे. रस्ते, जलवाहिनी, उद्यान, सीसीटीव्ही, अगदी मेट्रो स्थानकापुढेही 'भाऊंच्या प्रयत्नांतून' असे छापले आहे. शेवटी पुढच्या पाच वर्षांचे संकल्प आहेत. ताई, यातले खरे किती, हे आम्ही कसे तपासायचे?
— एक मतदार, पुणे

उत्तर : आधी प्रत्येक कामापुढे साल लिहिले आहे का ते बघा. पुण्यात २०१७ साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक लांबत गेली आणि कारभार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे आला. मुख्य सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार त्यांच्याच हाती गेले. तेव्हा २०२३ मध्ये मंजूर झालेला रस्ता 'मी मंजूर करून आणला' असे कोणी म्हणत असेल, तर त्या वर्षी सभागृहात एकही नगरसेवक नव्हता हे लक्षात ठेवा. मात्र पद गेल्यावरही क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालणारी, पाण्यासाठी अभियंत्याच्या मागे लागणारी माणसे होती. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. अशा माणसाकडे आपल्या पत्रांच्या प्रती असतात आणि प्रत्येकीवर आवक-शिक्का असतो. त्या बघायला मागा. ज्याने खरोखर पाठपुरावा केला आहे, तो त्या आनंदाने दाखवील.

मेट्रो स्थानकाचे श्रेय लगेच बाजूला काढा. पुण्यातली मेट्रो मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारच्या संयुक्त कंपनीने, महामेट्रोने, बांधली आहे. उद्यान किंवा समाजमंदिर असेल तर कोनशिलेवर निधी कोणाचा ते लिहिलेले असते. आमदार निधीतून झालेले काम नगरसेवकाच्या अहवालात सर्रास सापडते.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. मी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात नोकरी केली. सभागृहात कोण काय बोलले, कोणी उपसूचना, म्हणजे मूळ प्रस्तावात दुरुस्ती, दिली, कोणी विरोध नोंदवला, हे लिहून घेणे हेच माझे काम होते. म्हणून ठामपणे सांगते, नगरसेवकाची खरी परीक्षा सभागृहात होते. कामे प्रशासन करते. ती प्रशासनाकडून नीट करून घेणे, आयुक्तांना प्रश्न विचारणे, चुकीचा विषय अडवणे, यासाठी आपण नगरसेवक निवडून देतो.

एक नगरसेविका मला अजून आठवतात. त्या भाषणे फार करत नसत. पण विषयपत्रिका आदल्या रात्री वाचून येत आणि पानांच्या कडेला पेन्सिलने खुणा केलेल्या असत. त्यांच्या भागात काँक्रीटचा रस्ता मंजुरीला आला, तेव्हा त्यांनी एकच विचारले, या रस्त्याखालची ड्रेनेज लाइन कधी बदलणार? उत्तर आले नाही. मग त्यांनी विषय तहकूब करायला लावला. रस्ता लांबला म्हणून भागातले लोक चिडले होते, कारण शेजारच्या प्रभागात काम सुरूसुद्धा झाले होते. पण लाइन आधी बदलली, रस्ता नंतर झाला आणि तो पुन्हा खणावा लागला नाही. असे काम कोणत्याही कार्यअहवालात फोटोसह छापता येत नाही. कार्यवृत्तांतात, म्हणजे सभेच्या अधिकृत नोंदीत, मात्र ते तारखेसह नोंदलेले असते.

म्हणून कार्यवृत्तांत वाचा. तो नगरसचिव कार्यालयात मिळतो. आपल्या उमेदवाराची हजेरी, लेखी प्रश्न आणि उपसूचना शोधा. उपसूचना वाचताना डोळे उघडे ठेवा, कारण भलत्याच विषयाला जोडलेली उपसूचना चर्चेविना मंजूर झाल्याचे मी अनेकदा लिहून घेतले आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात. मतदान त्याआधी असेल तर अभिलेख अवलोकनाची, म्हणजे कार्यालयात बसून फायली पाहण्याची, सोय आता सुरू आहे का ते विचारा, आणि असेल तर सरळ जा. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत फायली पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेनेच सुरू केली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती इतरत्रही लागू केली. मुंबईत प्रजा फाउंडेशन नगरसेवकांची प्रगतिपुस्तके प्रसिद्ध करत आली आहे, तीही नमुन्यादाखल बघावीत.

पैशांसाठी अंदाजपत्रक उघडा. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामे 'स' यादीत असतात. त्या यादीत बाके, पिशव्या, नामफलक किती आणि पावसाळी गटारे किती, ते मोजा. मग आर्थिक वर्षाच्या शेवटी आलेले वर्गीकरणाचे, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे वळवण्याचे, ठराव बघा. ड्रेनेजसाठी ठेवलेली रक्कम रंगरंगोटीकडे वळवली असेल तर ते तिथे दिसते, आणि ठरावाला सूचक-अनुमोदक असतात.

संकल्पांविषयी. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांचे १८ विषय आहेत. त्यात पाणीपुरवठा, घनकचरा, रस्ते, उद्याने, आरोग्य हे आहेत. पोलीस नाहीत. तेव्हा नवी पोलीस चौकी आणणे हे नगरसेवकाच्या अधिकारातले काम नव्हे, तो फक्त मागणी करू शकतो. जे अधिकारात आहे त्याबद्दल विचारा, पहिल्या अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली किती तरतूद मागणार? आणि २०१७ चा वचननामा घरात कुठे जपून ठेवला असेल तर तो समोर ठेवून, राहिलेली कामे का राहिली तेही विचारा. जागा ताब्यात आली नाही, निविदेला प्रतिसाद नाही, न्यायालयाची स्थगिती, ही कारणे खरी असू शकतात. नेमके कारण सांगणाऱ्या उमेदवाराला मी झुकते माप देईन.

प्रश्न : आमच्याकडे मागच्या वेळी जागा महिला राखीव होती आणि वहिनी निवडून आल्या. आता जागा खुली झाली, म्हणून दादा उभे आहेत आणि पाच वर्षांचे काम स्वतःचे म्हणून सांगत आहेत. हे बरोबर आहे का?
— एक गृहिणी

उत्तर : नाही. हजेरी वहिनींची, सही वहिनींची, ठरावावर नाव वहिनींचे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे ते बायकांनी पद भूषवावे म्हणून, नवऱ्यांनी फोन उचलावेत म्हणून नाही. खुल्या जागेवर स्त्रीला उभे राहता येते. वहिनींचे काम चांगले असेल तर उमेदवारी त्यांना का नाही, हे प्रचाराला आलेल्या दादांना दारातच विचारा. आणि काम दादांनीच केले असे ते म्हणत असतील, तर निवडून दिलेल्या बाईंना पाच वर्षे काम का करू दिले नाही, हेही विचारायला हवे. मला या गोष्टीचा फार राग येतो. सभागृहात उत्तम बोलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : मी नाशिकचा नवमतदार आहे. चार मते द्यायची आहेत. चारही एकाच पक्षाला द्यावी लागतात का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही. अ, ब, क, ड या चार स्वतंत्र जागा आहेत. प्रत्येक जागेसाठी एक मत, उमेदवार कोणत्याही पक्षाचा किंवा अपक्ष चालतो. एखाद्या जागेवर कोणीच योग्य वाटत नसेल तर त्या जागेसाठी 'नोटा'चे बटण दाबा, पण चारही जागांचे मतदान पूर्ण करूनच बाहेर या. एकाच रस्त्याचे श्रेय चौघेही घेत असतील तर मूळ मागणीपत्र कोणाचे ते विचारा. उमेदवारी अर्जासोबत प्रत्येकाचे शपथपत्र असते. त्यात मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे नोंदवावे लागतात. जे २०१७ मध्येही उभे होते, त्यांचे तेव्हाचे आणि आताचे शपथपत्र शेजारी ठेवून वाचा.