भर किनाऱ्यावर सरांना बोलले, आता माफी मागू का?

प्रश्न : मी दादरच्या एका मराठी शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. जानेवारीत आमची सहल अक्सा किनाऱ्यावर गेली होती. आदल्या दिवशी पौर्णिमा होती. कोणीही पाण्यात उतरायचे नाही असे ठरलेले असताना दुपारी चारच्या सुमारास एक ज्येष्ठ सर सात-आठ मुलांना घेऊन गुडघाभर पाण्यात गेले. मी धावत जाऊन मुलांना बाहेर काढले आणि त्यांच्यादेखत सरांना नको तेवढे बोलले. "पाणी उतरतंच आहे बाई, घाबरता कशाला?" असे सर म्हणाले. तेव्हापासून त्यांनी अबोला धरला आहे, मुले मला 'भित्र्या बाई' म्हणतात आणि मुख्याध्यापिका सांगतात की माफी मागून विषय मिटवा. मी काय करू?

उत्तर : बाई, माफी जरूर मागा, परंतु ती मुलांसमोर आवाज चढवल्याबद्दल मागा, मुलांना पाण्याबाहेर काढल्याबद्दल मुळीच मागू नका. मुख्याध्यापिकांना या दोन्ही गोष्टी एकाच माफीत मिटवायच्या आहेत, कारण शाळेला तेच सोयीचे आहे. तुम्ही त्याला मान्यता दिलीत, तर पुढच्या सहलीत पाण्यात उतरण्याला आक्षेप घेण्याचा अधिकार कोणाकडेच उरणार नाही.

सरांचे वाक्य मला अधिक खटकले, कारण ते धीराचे वाटते आणि नेमके उलटे आहे. कोकणातले कोळी आणि खलाशी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या हिशेबाने प्रतिपदेला पूर्ण भरती दुपारी पाऊण वाजण्याच्या आसपास येते आणि तिथून साधारण सहा तास पाणी उतरत राहते. या सहा तासांतला तिसरा-चौथा तास सर्वांत जोराचा असतो, म्हणजे सर मुलांना घेऊन उतरले तीच वेळ. त्यातून पौर्णिमेचे उधाण, ज्यात मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढे पाणी मागे जाताना पायाखालची वाळूही सरकवते आणि अक्साला तर गुडघाभर पाण्यातून दोन पावले पुढे गेलेला माणूस खोलात सापडू शकतो, म्हणूनच तो किनारा धोक्याचा म्हणून ओळखला जातो. (आपण मुंबईकर समुद्राच्या काठावर जन्म काढतो आणि चौपाटीवर भेळेच्या पलीकडे काही पाहत नाही, त्यातलाच हा प्रकार.) १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते महाविद्यालयात शिकणारे होते. तुमची मुले तर बारा-तेरा वर्षांची आहेत.

तरीही सरांना खलनायक ठरवू नका. मुलांना आनंद द्यावा, एवढाच त्यांचा हेतू असावा. चारचौघांत झालेला अपमान ज्येष्ठ माणूस सहजी विसरत नाही, म्हणून शाळा सुटल्यावर त्यांना एकट्यांना गाठा. "सर, मी मुलांसमोर तसे बोलायला नको होते" इतके सांगून थांबा. त्याला 'पण' जोडू नका. भरतीचा हिशेब त्यांच्यासमोर नंतर केव्हातरी, शक्यतो दुसऱ्या कोणाकडून येऊ द्या.

मुलांच्या 'भित्र्या बाईं'चे फार मनावर घेऊ नका. एक तास काढून त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवरून भरतीची वेळ काढायला शिकवा, मग एखाद्या अष्टमीला, म्हणजे भांगाच्या दिवशी, पाणी किती कमी चढते-उतरते तेही गिरगाव चौपाटीवर लांबूनच दाखवा.

मुख्याध्यापिकांशी मात्र तोंडी बोलू नका, लेखी द्या. पालकांनी संमती सहलीला दिली होती, पाण्यात उतरण्याला नव्हे, हे त्यात स्पष्ट लिहा. पुढच्या वेळी किनाऱ्यावर पोहोचताच तिथल्या जीवरक्षकांना भेटावे, एका शिक्षकाकडे मुलांवर लक्ष ठेवणे आणि मोजणे यापलीकडे कोणतेही काम नसावे (डबे वाटणे नाही, फोटो काढणे तर नाहीच), आणि पाण्याबाबत त्या शिक्षकाचा शब्द ज्येष्ठतेचा विचार न करता सर्वांनी पाळावा, एवढ्या तीन मागण्या पुरेत. पत्राची एक प्रत सही-शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवा. त्या मागण्या मान्य झाल्या नाहीत, तर पुढच्या सहलीची जबाबदारी नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि त्यासाठी कोणाचीही माफी मागावी लागत नाही.