झाडांखालच्या स्विमिंग पूलला कोणता फिल्टर लावावा?
कर्जतच्या फार्महाउसवर आंबा-जांभळाखाली छोटा पूल आणि तुम्ही येणार फक्त शनिवार-रविवारी, तर सँड फिल्टरच घ्या. कार्ट्रिज फिल्टर (घडीदार कापडी गाळणीचा) जास्त बारीक गाळतो, पण पाचोळ्याच्या चुऱ्याने लवकर तुंबतो आणि दर वेळी काढून धुवावा लागतो. सँड फिल्टरला गेजवरचा दाब नेहमीपेक्षा 8-10 पीएसआयने वाढला की बॅकवॉश द्यायचा, म्हणजे पाणी उलट सोडून वाळू धुवायची, एवढंच. वाळू साधारण 5-7 वर्षं टिकते.

मात्र पानं फिल्टरपर्यंत पोचूच देऊ नका. ती तळाशी कुजली की पाणी तपकिरी होतं, क्लोरीनही जास्त लागतं. वारा पानं ज्या काठाकडे ढकलतो तिथे मोठ्या टोपलीचा स्किमर (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणारं तोंड) बसवा, आठवडाभर पूलवर जाळी ताणून ठेवा. आणि पाण्यावर आलेली जांभळाची फांदी मे महिन्याआधी छाटाच, फळांचे डाग लवकर निघत नाहीत.