आईचा खुबा मोडून ऑपरेशन झालंय, आता नुसत्या कॅल्शियमवर भागेल का?

नाही, भागणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा खुबा न्हाणीत नुसतं घसरून मोडला, तर ते ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) धरूनच औषध सुरू करतात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनसाठी अडून राहू नका. सोलापुरात सोयीनं झाला तर करा, पुढं तुलनेला बरा. पण त्यातला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे 2.5 पर्यंत उतरला नाही म्हणून उपचार टाळायचे नसतात. आधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला), थायरॉइड, पॅराथायरॉइड बघून घ्या. (आपल्याकडं ऊन इतकं रणरणतं की म्हातारी माणसं घराबाहेरच पडत नाहीत, मग ड कमी निघतं.) कमतरता भरून काढली की हाडांची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून. ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे जाऊ देतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या हॉरायझन चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत हे दिलेल्या रुग्णांत पुन्हा हाड मोडणं आणि मृत्यू, दोन्ही कमी आढळले. गोळीच हवी असेल तर अ‍ॅलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम, आठवड्याला एक: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी इथल्याच हाडांच्या वॉर्डात काम करतो. टाके निघाले की ही औषधं विसरली जातात, म्हणून डॉक्टरांना तुम्हीच विचारा. मात्र क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा) 35 च्या खाली असेल तर झोलेड्रॉनिक देत नाहीत. तेव्हा डेनोसुमॅबचा विचार होतो, पण त्याचं दर सहा महिन्यांचं इंजेक्शन चुकवलं तर मणके दबण्याचा धोका वाढतो.