मी शास्त्रीय ऐकतो. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला म्हणतात, मग त्यात एवढं काय आहे?

हो, एका दिवसातच. 16 ऑक्टोबर 1969, लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ, साधारण बारा तास. कार्यक्रमांत रोज वाजवायचे तेच चौघांनी वाजवलं आणि सामान आवरून निघाले. पाऊस, गडगडाट, घंटा हे नंतर जोडलं. 13 फेब्रुवारी 1970 ला, शुक्रवारी, रेकॉर्ड बाजारात आली. समीक्षकांनी झोडपली, पण लोकांनी घेतली आणि इंग्लंडात ती आठव्या नंबरापर्यंत चढली.

आता "एवढं काय" याबद्दल. मी जळगावला एमआयडीसीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर काम करतो, तेव्हा माझं उत्तर तिकडूनच येणार.

गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस. प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला तिथे बसवलं. प्रेस हातावर आली, त्याने हात ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तिथेच राहिली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच! कारखान्यातल्या साहेबाने त्याला जॅझ गिटारवाल्या जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. हात भाजल्यामुळे जँगो दोनच बोटांवर गिटार वाजवायचा. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंगने त्यात बोटाएवढं भोक पाडलं, घासून टोपी केली आणि तार सरकू नये म्हणून वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. आमच्याकडचा फिटर याला सरळ जुगाड म्हणेल.

टोपीतून तार बोटाला कळत नाही. म्हणून तारा बारीक लावल्या, दोन-दोन सुरांचे जाड ठोके धरले. त्या अल्बमचा वजनदार आवाज इथून येतो. पुष्कळ जण सांगतात की तारा सैल केल्या म्हणून तसा आवाज आला. ते 1971 च्या तिसऱ्या अल्बमपासून. इथे गिटार नेहमीच्या सुरातच आहे.

तुम्ही शास्त्रीय ऐकता असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून एवढं सांगतो. पहिल्या गाण्यात गिटार सा लावते, मग वरचा सा, मग खाली येऊन तीव्र मध्यम, आणि तिथेच थरथरत राहते. यमन रागातला तीव्र म आपल्याला पंचमावर नेऊन सोडतो. इथे गिटार पंचमावर येऊन थांबतच नाही. भीती वाटते ती त्या न मिळालेल्या विसाव्याची. या बँडबद्दल सांगतात त्या सैतानाच्या गोष्टी मी तरी फार मनावर घेत नाही.

मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मे महिना होता, गच्चीवर झोपलो होतो. हेडफोनमध्ये पाऊस सुरू झाला आणि मी झोपेत गादी गुंडाळायला उठलो. आभाळात एक ढग नाही!

सुरुवात हळू आहे, दोन मिनिटांत बंद करू नका. सहा मिनिटांच्या त्या गाण्यात शेवटी अचानक वेग येतो, तिथपर्यंत थांबा. दुसऱ्या गाण्यात बँडचा गायक ऑझी माउथ ऑर्गन वाजवतो, ते मला जास्त आवडतं. पुढे एक-दोन ठिकाणी गिटार उगाच लांबते. एका दिवसाच्या कामात तेवढं चालायचं.

आमचे वडील मूळचे अमळनेरकडचे. प्रेसवरच त्यांच्या एका बोटाचं पेर गेलंय. त्यांना स्पीकरवर लावून दाखवलं तर अर्ध्या मिनिटात म्हणाले, "हाई काय शे रे? बंद कर." बंद केलं आणि टोपीची गोष्ट सांगितली. जेवताना मात्र त्यांनी दोनदा विचारलं, बाटली कोणती व्हती?