एकच ओळ घ्या, पण ती उलगडा

प्रश्न : गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मला दहा मिनिटं बोलायचं आहे. मोबाईलमध्ये थोरामोठ्यांची पंधराएक वचनं जमवून ठेवली आहेत. सुरुवातीला कोणतं घेऊ आणि शेवटी कोणतं?
– एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : ताई, दहा मिनिटांत पंधरा वचनं म्हटली तर तुम्ही बोलणार कधी? एकच ठेवा. आपल्या देवळांत कीर्तन ऐकलंच असेल तुम्ही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला बुवा एक अभंग घेतात आणि त्याचंच निरूपण करतात. मध्ये श्लोक येतात, दृष्टांत येतात, पण सगळे त्या अभंगाच्या मदतीला. म्हणून तर घरी परतताना तो लोकांच्या तोंडी असतो.

वाचनालयासाठी तुकोबांचं ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें’ शोभेल. आधी तुकोबांचं नाव घ्या, मग ओळ म्हणा आणि क्षणभर थांबा. लगेच अर्थ सांगायला धावू नका. मग आपल्या वाचनालयाकडे वळा : हे धन कुणी जमवलं, कपाटं कुणी दिली, पहिल्या पुस्तकांसाठी दारोदार कोण फिरलं? त्या माणसांची नावं घ्या. त्यांतली काही समोरच बसलेली असतील.

पुढे ‘शब्दांचींच शस्त्रें’ आहे. तिथे मुलांना मडगावला न्या. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया बंदी मोडून सभेत बोलायला उभे राहिले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना पकडलं. नुसत्या बोलण्याची सरकारला एवढी भीती का वाटावी, हे मुलांनाच विचारा.

ओळ कुणाची, हे मात्र छापील गाथेत पाहून घ्या. फिरत्या मेसेजवर भिस्त ठेवू नका. ‘नाचू कीर्तनाचे रंगी’ नामदेवांचं, पण वक्तृत्व स्पर्धांत ते ज्ञानदेवांच्या नावावर ऐकू येतं. ‘तुका झालासे कळस’ सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंचं. १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींचं नव्हे. ज्यानं म्हटलं त्याचंच नाव पुसलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी वचन नकोच. वाचनालयाला काय हवंय ते सरळ मागा : नवे वर्गणीदार, मुलांसाठी पुस्तकं, संध्याकाळी दार उघडायला एखादा माणूस.