घरीच शिकणाऱ्या मुलांना युरोपातलं प्रबोधनयुग कसं शिकवावं?

तुमची मुलं नऊ आणि तेरा वर्षांची, शाळेत न जाता घरीच मराठीतून शिकतात. प्रबोधनयुग (म्हणजे रेनेसाँ) काढलं की चित्रकारांची नावं आणि सनावळ्या ऐकून जांभया देतात, आणि नागपुरात दाखवण्यासारखं काही नाही, असं तुम्ही लिहिलंय. आम्हीही नागपूरचेच. आमच्याकडेही शिक्षण घरातच चालतं आणि हा विषय मी आमच्या दोघांना आणि ओळखीतल्या काही पोट्ट्यांना शिकवला आहे.

माझं सांगणं एवढंच, की पैशापासून सुरुवात करा. चित्र असो, पुतळा असो की इमारत, समोर आली की आधी विचारायचं: याचे पैसे कोणी दिले, आणि का दिले? या प्रश्नाला मुलं जांभई देत नाहीत. आणि अख्खा युरोप एकदम उघडू नका. इटलीतलं फ्लॉरेन्स हे एकच शहर घ्या, बाकीचं आपोआप येतं.

फ्लॉरेन्स म्हणजे लोकरीचे व्यापारी आणि सराफ. तिथल्या मेदिची या बड्या सराफ घराण्याची पेढी 1397 साली सुरू झाली. त्या काळात चर्चच्या लेखी व्याज घेणं हे पाप होतं, आणि पेढ्यांची कमाई तर पैशावरच चालायची. मग परलोकाची सोय म्हणून कोणी चर्चमध्ये प्रार्थनाघर बांधून दे, कोणी मठाची डागडुजी करून दे, असं सुरू झालं. आमच्या तेरा वर्षांच्या मुलाला हे फार लवकर कळलं. देवस्थानांच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं त्यानं वाचलेलीच होती.

धाकट्यासाठी इथेच गणित घ्या. रोमन अंकांत सत्तेचाळीस गुणिले अठरा करायला सांगा आणि गंमत बघा. मग सांगा, की आपले अंक अरबांमार्फत तिकडे पोचले, पिसाच्या फिबोनाचीनं 1202 मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, आणि तरी 1299 मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानं हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायला बंदी घातली. का घातली असेल, यावर मुलांना डोकं चालवू द्या. शून्याचा सहा किंवा नऊ करायला किती वेळ लागतो, हे त्यांना पेन हातात घेतलं की समजतं.

आता एक कागद, जो मी कधीच सोडत नाही. 1485 साली फ्लॉरेन्सच्या अनाथालयाच्या प्रमुखानं गिर्लांदायो या चित्रकाराशी लेखी करार केला. चित्र स्वतःच्या हातानं काढायचं, तीस महिन्यांत द्यायचं, मोबदला 115 फ्लोरिन (फ्लॉरेन्सचं सोन्याचं नाणं), तोही दरमहा तीन-तीनच्या हप्त्यानं. उशीर झाला तर दंड. आणि निळा रंग औंसाला चार फ्लोरिनच्या आसपासचाच हवा, हलका चालणार नाही! हा निळा म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दगड कुटून केलेला. नकाशावर बोटानं बदख्शान ते व्हेनिस रस्ता काढला, की मध्ये कोण कोण व्यापारी येतात ते मुलंच सांगू लागतात. नंतर दोघांना असाच करार करायला लावा. एक गिऱ्हाईक, एक चित्रकार. आमच्याकडे धाकटीनं अट घातली होती, की चित्रातला घोडा कुत्र्यासारखा दिसला तर पैसे मिळणार नाहीत. भांडण झालं, पण करार म्हणजे काय ते दोघांनाही चांगलं कळलं.

त्याच्या जोडीला बोत्तिचेल्ली या चित्रकाराचं एक चित्र घ्या, साधारण 1475 चं. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडचे तीन राजे आलेत, असा देखावा. पण राजांचे चेहरे मेदिचींचे आहेत, पायाशी टेकलेला तो म्हातारा म्हणजे मेदिची घराण्याचा कर्ता कोझिमो. चित्राचे पैसे मात्र मेदिचींनी दिलेले नाहीत. ते दिले देल लामा नावाच्या एका दलालानं, आणि गर्दीत आपलाही चेहरा घालून घेतला. आपल्या चौकात फ्लेक्स लागतो ना, वर साहेबांचे मोठे फोटो आणि खाली शुभेच्छुकाचा, तोच प्रकार. उजव्या कडेला पिवळ्या झग्यात आपल्याकडे बघणारा माणूस खुद्द बोत्तिचेल्ली, असं मानतात. चित्र मोठं छापून घ्या आणि मुलांना चेहरे शोधू द्या. अर्धी दुपार जाते.

नागपुरात दाखवायला काही नाही, हे मला पटत नाही. घुमट शिकवायचा तर दीक्षाभूमीला जा (विजयादशमीची गर्दी टाळून, एखाद्या साध्या सकाळी). तो स्तूप आहे, त्याची परंपरा सांचीची, प्रबोधनाशी त्याचा संबंध नाही, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगायचं. पण आत उभं राहून वर बघितलं, की एवढी पोकळ जागा खांबाशिवाय उभी कशी, हा प्रश्न पडतोच. तिथे उत्तर आधुनिक काँक्रीट. फ्लॉरेन्सला हे काही नव्हतं. तिथलं मुख्य चर्च 1296 मध्ये बांधायला घेतलं, भिंती चढल्या, आणि वर सुमारे 45 मीटर रुंदीचं अष्टकोनी भोक तसंच उरलं, कारण ते झाकायचं कसं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विजापूरच्या गोलघुमटाचा व्यासही जवळपास तेवढाच, पण तो पुढे 1656 चा. एवढ्या उंचीवर खालून लाकडी आधार उभारायचा तर लाकूड कुठून आणायचं? 1418 मध्ये स्पर्धा जाहीर झाली. शेवटी ब्रुनेलेस्कीनं 1420 ते 1436 मध्ये आधाराशिवाय घुमट उभा केला, एकात एक अशी दोन कवचं, चाळीस लाखांच्या वर विटा. आडव्या विटांच्या रांगेत थोड्या थोड्या अंतरावर एक उभी वीट, म्हणजे चुना ओला असताना आडव्या विटा घसरत नाहीत. कामाची देखरेख लोकरवाल्यांच्या संघाकडे होती, म्हणजे परत पैसा आलाच.

घरी काडेपेट्यांनी करून बघा. जमिनीवर गोल कडं रचा, त्यावरचं दुसरं किंचित आत सरकवून, तिसरं आणखी आत. कडं अर्धवट असेपर्यंत पेट्या आत कलंडतात. पूर्ण झालं की एकमेकींना अडवून धरतात. नऊ वर्षांच्या पोराला ही गोष्ट बोटांनी कळते, आकृती काढून कळत नाही.

ब्रुनेलेस्की मुळात सोनार होता, हेही सांगा. बाप्तिस्मागृहाची ब्राँझची दारं करणारा गिबेर्तीही सोनारकामातच तयार झालेला. म्हणून आम्ही मुलांना इतवारीत सराफ्याच्या मागच्या गल्लीत एका कारागिराकडे नेलं. मूस, फुंकणी, चिमटे, आणि कोपऱ्यात बसून शिकणारा पोरगा. त्या काळची कार्यशाळा समजायला याहून सोपं काही मला सापडलेलं नाही.

यथादर्शनासाठी (सपाट चित्रात खोली आणि अंतर दाखवण्याची रीत) खिडकीची काच पुरते. एक डोळा मिटायचा, डोकं हलवायचं नाही, आणि समोर दिसतं ते मार्करनं काचेवर गिरवायचं. मेट्रोच्या फलाटावरून लांबवर बघितलं, की रूळ एका बिंदूत जातात तेही दिसतं. नंतर मसाच्चो या चित्रकाराचं 1427 च्या सुमाराचं त्रिमूर्तीचं (ख्रिस्ती: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) भित्तिचित्र दाखवा आणि पट्टी लावून तो बिंदू शोधायला सांगा. क्रूसाच्या पायथ्याशी, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर सापडतो.

तुमच्या मोठ्या मुलासाठी एक खास भाग ठेवा. 1440 मध्ये लोरेन्झो व्हाल्ला या विद्वानानं दाखवून दिलं, की चौथ्या शतकातल्या सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नावाच्या ज्या दानपत्राच्या जोरावर पोप राज्यावर हक्क सांगत होते ते बनावट आहे. आधार काय, तर त्यातले लॅटिन शब्द चौथ्या शतकातले असूच शकत नाहीत. आणि पुढे सुमारे दीडशे वर्षांनी आपल्याकडे पैठणला एकनाथांनी, शके 1506 म्हणजे 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले चुकीचे पाठ काढून प्रत शुद्ध केली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तो जोडायलाही जाऊ नका. पण काम समजावायला खेळ छान आहे: एक ओवी एकानं बघून लिहायची, त्याची प्रत दुसऱ्यानं, तिची तिसऱ्यानं, भरभर. मग सगळे कागद मिसळून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली ते चुकांवरून ओळखायचं.

लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो यांची काळजी करू नका, ते मुलांना कुठून ना कुठून भेटतातच. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या नग्न पुतळ्यावर कागद चिकटवू नका. पाच मिनिटं खी-खी होते, मग मुलं हाताच्या शिरा बघायला लागतात. रंग घरी करायचा तर अंड्याचा पिवळा बलक, थोडं पाणी आणि गेरू. घरात अंडं चालत नसेल तर डिंकावर भागवा, फक्त तो त्या चित्रकारांचा प्रकार नव्हे हे सांगा. आणि 'आधी सगळा अंधार, मग एकदम उजेड' अशी गोष्ट मात्र सांगू नका. 1348 च्या प्लेगनं शहर निम्मं रिकामं झालं, 1497 मध्ये त्याच फ्लॉरेन्समध्ये साव्होनारोला या कडक धर्मोपदेशकाच्या शब्दावर चित्रं आणि पुस्तकं चौकात जाळली गेली. मुलांना हेही कळू द्या.

साहित्य म्हणाल तर विकिमीडिया कॉमन्सवर चित्रं मोठ्या आकारात फुकट मिळतात, कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री रंगीत काढून घ्या. तुम्हाला स्वतःला वाचायला मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. परीक्षेचं म्हणाल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) दहावी मराठी माध्यमातून देता येते, वयाची अट चौदा पूर्ण. म्हणजे मोठ्याकडे अजून वर्षभर आहे. सनावळी तेव्हा पाठ करू द्या, आत्ता भिंतीवर एक दोरी बांधून चिमट्यांनी चिठ्ठ्या लावत गेलात तरी चालेल.